पुढच्या खोलीतील मासे कोणाकडे राहावेत याविषयी

मी, जयंती उत्तम रामटेके, वय वर्षे चव्वेचाळीस, केंद्र सरकारच्या लेखा कार्यालयात नोकरी, राहणार सेक्टर चार, जवाहर नगर, जयपूर, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि जे लिहिते आहे ते समजून लिहिते आहे. शरीराबद्दल इतक्या खात्रीने लिहिता येत नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. ती बदलण्यासाठी पुढच्या आठवड्यात दिल्लीला जायचे आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात. मग छाती कशासाठी उघडता, असे मी विचारले. ते नुसते हसले. म्हणून हा कागद.

वकीलसाहेबांचे म्हणणे होते की हे हिंदीत करावे. "मॅडम, मराठी यहाँ कौन पढ़ेगा?" मी म्हटले, ज्यांनी वाचायला हवे ते तिघे वाचतील. ते तिघे म्हणजे माझे पती श्री. उत्तम, जे रेल्वेच्या सिग्नल विभागात आहेत. आमची एकुलती मुलगी रमा. आणि माझ्या सासूबाई, श्रीमती यमुनाबाई दशरथ रामटेके. रमा मराठी वाचताना अडखळते. तरी तिने हे स्वतः वाचावे, कोणाकडून हिंदीत समजून घेऊ नये. सासूबाई साठी उलटल्यावर प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्या आणि अजून बोट ठेवून वाचतात. त्यांच्यासाठी मी अक्षर मोठे काढले आहे. कोर्टाला भाषांतर हवे असेल तर ते कोर्टाने करून घ्यावे.

कलम १. जवाहर नगरचे घर माझ्या नावावर आहे. ते माझ्यामागे श्री. उत्तम आणि रमा यांना अर्धे अर्धे जावे. यातून रस्त्याकडची पुढची खोली वगळली आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे, आणि खरे सांगायचे तर हे मृत्युपत्र त्या खोलीसाठीच करते आहे. बाकीच्या गोष्टी कायद्यानेही जाग्यावर गेल्या असत्या.

कलम २. सी-स्कीमच्या बँकेतील ठेव रमाच्या शिक्षणासाठी. तिने प्राणिशास्त्र घ्यावे असे मला वाटते, पण ही अट नाही. अट घालावी का, यावर मी विचार केला. माझ्या वडिलांनी मला अशी अट घातली असती तर मी हट्टाने दुसरेच काही शिकले असते, हे आठवून सोडून दिले.

कलम ३. दागिने रमाला. त्यातून काचेच्या आणि पितळेच्या बांगड्यांचा एक जुडगा वेगळा ठेवला आहे. तो दागिना नसून टाकीचे सामान आहे. खुलासा कलम ६ मध्ये.

कलम ४. माझ्या रोजनिश्या रमाने ठेवाव्यात किंवा रद्दीत द्याव्यात. त्यात गुपित काही नाही. बहुतेक पानांवर पाणी कधी बदलले आणि मी त्या दिवशी कोणाशी तुसडेपणाने बोलले, एवढेच आहे.

कलम ५. माझे कार्यालयीन सहकारी श्री. उमाकांत यांनी मत्स्यपालनावरचे माझे इंग्रजी पुस्तक दोन दिवसांसाठी नेले, त्याला आता काही वर्षे झाली. ते पुस्तक मी त्यांना देत आहे. यापुढे ते त्यांच्या कपाटात निर्धास्तपणे राहो. हे लिहिताना मनात थोडा कडवटपणा होता. तो नसावा म्हणून हे कलम दोनदा लिहिले, तरी गेला नाही. तसेच राहू दे.

कलम ६. काचेची सहा फुटी मत्स्यपेटी, जिला घरात सगळे टाकी म्हणतात. सोडाल्याच्या लोहाराकडून करवून घेतलेला तिचा लोखंडी घोडा. हवेचा पंप, हीटर, जाळ्या, दगड, वर म्हटलेला बांगड्यांचा जुडगा आणि थंडीत टाकीवर घालायची जयपुरी रजई. तसेच तिच्यातील सात मासे, म्हणजे एक मरळ, दोन ऑस्कर, एक चितळ आणि लाल गळ्याचे तीन लहान मासे, हे सर्व मी माझ्या सासूबाई यमुनाबाई यांना देते.

सुनेने सासूला मृत्युपत्राने काही द्यावे हे उलट वाहणाऱ्या पाण्यासारखे दिसते. वकीलसाहेबही म्हणाले, "सास तो बुज़ुर्ग हैं, किसी जवान को दीजिए." म्हणून कारणे लिहिते.

हे सातही मासे शिकारी आहेत. एकमेकांना गिळू शकतील अशा मापाचे आहेत. असे मासे एका पाण्यात ठेवू नयेत, असे त्या पुस्तकात स्पष्ट लिहिले होते. गेली कित्येक वर्षे ते एका पाण्यात आहेत आणि एकमेकांना धरून आहेत, ते माझ्यामुळे नाही. मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. मला माशांची लॅटिन नावे येतात. सासूबाईंना माशांचे स्वभाव येतात, आणि जे त्यांना येत नव्हते ते त्या माझ्याकडून विचारून शिकल्या. पाण्यातला अमोनिया म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्या वेळा विचारले की शेवटी मला ते नीट समजले.

मरळ त्यांनीच आणली. सासरे वारले त्या वर्षी त्या भंडाऱ्याहून प्रथमच आमच्याकडे राहायला आल्या. हातात वळकटी आणि झाकणाला भोके पाडलेला पत्र्याचा डबा. दोन दिवसांचा प्रवास. वाटेत स्टेशनास्टेशनावर नळाचे पाणी बदलत त्यांनी मुलासाठी तीन मरळी जिवंत आणल्या होत्या. मरळ पाण्याबाहेरची हवाही घेते, म्हणून टिकते. दोघींचा त्याच संध्याकाळी रस्सा झाला. तिसरी सगळ्यांत लहान होती. ती उद्यासाठी म्हणून रमाने माझ्या टाकीत सोडली. दुसऱ्या दिवशी सासूबाई मसाला वाटून टाकीपाशी आल्या आणि ऑस्करांनी कोपऱ्यात कोंडलेल्या त्या मरळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"काहून मारते हे तिले?"

"ती नवी आहे, आई. हे जुने."

"मंग जुनेपण काढून टाक ना त्यायचं."

हे बोलून त्यांनी बाही वर केली, टाकीतले सगळे दगड उचलून बादलीत काढले आणि वेगळ्याच ठिकाणी रचले. ऑस्करांना आपली जागा सापडेना. दोघे शोधाशोध करण्यात इतके गुंतले की मरळीला विसरले. "सगळ्यायचीच बदली झाली," त्या म्हणाल्या, "आता कोणी जुना नाही." आम्ही रेल्वेची माणसे. भुसावळ, रतलाम, अजमेर, जयपूर असे क्वार्टर बदलत आलेलो. त्यांचे म्हणणे मला लगेच पटले, आणि दगड हलवण्याची ही युक्ती जाणकारही वापरतात हे मी नंतर कुठेतरी वाचले. त्या दिवशी वाटलेला मसाला बटाट्याला लागला.

मरळ वाढली. पूर्वी तिला पळवणारे ऑस्कर आता तिला वाट देतात. दर वर्षी कोण लहान नि कोण मोठा याचा हिशेब उलटतो, आणि सासूबाई तो नव्याने मांडतात. त्यासाठीच बांगड्या. मरळ वर येऊन जांभई दिल्यासारखे तोंड उघडते तेव्हा त्या काचेवर एकेक बांगडी धरून पाहतात. तोंडाशी जुळली ती बांगडी त्या वर्षाचे माप. नवा मासा त्या बांगडीतून पार झाला तर तो टाकीत जायचा नाही. बाजूच्या टबात खाऊन पिऊन जाडजूड होईपर्यंत थांबायचा. सुरुवातीला रमाची पाळण्यातली बांगडी पुरत असे. मग तिची शाळेतली लागली. लाल गळ्याचे तिघे टबात किती तरी दिवस होते. "बांगडीत अडकला का गं?" हे आमच्या घरात रोज विचारले जाई. पाहुण्यांना काहीच कळत नसे.

दुसरे काम खाण्याचे. सगळ्यांत मोठ्याला आधी, उजव्या कोपऱ्यात. त्याचे तोंड भरलेले असताना बाकीच्यांना डावीकडे. चितळ बुजरा, त्याला दिवा मालवल्यावर. कलेजी त्या स्वतः आणतात. खाटीकभाई विचारतो, "अम्माजी, आज घर के लिए या थानेदार के लिए?" कारण मरळीला त्यांनी ठाणेदार नाव ठेवले आहे. "पोट भरलेला ठाणेदार कोणाले धरत नाही," असे त्या त्याला मराठीत सांगतात आणि तो समजल्यासारखी मान हलवतो.

भुकेल्या शिकाऱ्याची भूक मारून त्याला सभ्य बनवणे हे बरोबर आहे का, असा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. मी तो एकदा सासूबाईंनाही विचारला. त्या म्हणाल्या, "तळ्यात राहिली असती तं आतापावेतो माह्याच ताटात असती." हे खरेच आहे. पण प्रश्न संपला असेही म्हणणार नाही.

गेल्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट लिहिल्याशिवाय हे कारण पुरे होणार नाही. त्या दिवशी आमच्या घरी मांसाहार नसतो. आम्ही तिघे विहारात गेलो होतो. रमा मागे होती. टबाशेजारच्या बरणीत ठाणेदारासाठी आणलेले छोटे मासे होते. तिला त्यांची दया आली, आणि आजच्या दिवशी तरी त्यांना मोकळे करावे म्हणून तिने ती बरणी सहा फुटी टाकीत ओतली! आम्ही परत आलो तर ती काचेशी रडत उभी. "मम्मी, मतलब, मला वाटलं मोठ्या पाण्यात ते खूश राहतील."

मी आत पाहायला धजले नाही. पण टाकीत काहीच घडत नव्हते. वीसेक चिमुकले मासे ठाणेदाराच्या डोळ्यांसमोरून ये-जा करत होते आणि ठाणेदार तळाशी पोट टेकून पडला होता.

"काल मी त्यायले दुप्पट चारलं," सासूबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या. "घरात आपण पाळतो, मंग त्यायनं काहून भुकेनं एकमेकाकडं पाहावं? पौर्णिमा त्यायचीही आहे."

"आजी, तुला माहीत होतं मी असं करणार?"

"तू वेडी आहे हे माहीत होतं. केव्हा करशील हे नाही."

मग आजी आणि नात चहाची गाळणी घेऊन दुपारभर एकेक मासा परत काढत बसल्या. एकही कमी भरला नाही. ती गाळणी अजून टाकीजवळ आहे. चहासाठी मी दुसरी आणली.

या थंडीत एका सकाळी वीज गेली आणि हीटर बंद पडला. मी कार्यालयात होते. येऊन पाहते तो टाकीवर रजई, रजईवर शाल, आणि सासूबाई गरम पाण्याच्या बाटल्या झाकण लावून पाण्यात तरंगत सोडत होत्या, हाताने पाणी चाचपत, घाई न करता. त्यांच्या स्वतःच्या अंगावर साधी चादर होती. ती रजई आम्ही त्यांच्यासाठीच घेतली होती. तेव्हापासून ती टाकीची.

अशी माणसे मी कमी पाहिली आहेत. कोणाचे कोणाशी पटणार नाही हे पक्के ठाऊक असून, त्यांनी बदलावे असा हट्ट न धरता, प्रत्येकाला पुरेल अशी जागा आणि वेळ काढून देणे मला कधी जमले नाही, ना कार्यालयात ना घरात. मी भांडण मिटवायला जाते तेव्हा दोघांनाही त्यांची चूक दाखवते. सासूबाई भांडण लागण्याआधी दगड हलवतात.

कलम ७. आता खोलीबद्दल. भरलेली टाकी हलवता येत नाही आणि रिकामी करून हलवली तर हे मासे वाचायचे नाहीत. म्हणून टाकी पुढच्या खोलीतच राहावी आणि टाकी सांभाळणाऱ्या यमुनाबाई यांना त्या खोलीत हयातभर राहण्याचा हक्क असावा. तो त्यांच्याकडून कोणालाही, घर विकूनसुद्धा, काढून घेता येणार नाही.

हे स्पष्ट लिहिण्याचे कारण माझे धाकटे दीर श्री. गुलाबराव. ते भंडाऱ्याला असतात. माझे काही बरेवाईट झाले तर ते आईला घेऊन जातील, असे त्यांनी दिवाळीत आले तेव्हा सांगितले. "आई इथे काचेसमोर बसून राहते. तिकडे घरात माणूस पाहिजे." मी विचारले, माणूस कशासाठी? ते म्हणाले, "भाकरीपासून गुरांपर्यंत सगळंच पडलंय, वहिनी." ते वाईट नाहीत. त्यांची पत्नी आजारी असते आणि त्यांना खरोखरच मदतीची गरज आहे. पण ती गरज सासूबाईंच्या या वयात त्यांच्याकडून भागवावी हे मला मान्य नाही. सासूबाईंना विचारले तर त्या "जिथे ठेवाल तिथे राहीन" म्हणतात. ते उत्तर धरू नये.

श्री. उत्तम यांना माझे सांगणे असे की त्यांनी वाटल्यास पुन्हा लग्न करावे. हे मी मनापासून लिहिते, निदान लिहिताना तरी मनापासून. मात्र येणाऱ्या बाईंनी पुढच्या खोलीत सोफा ठेवायचे म्हटले तर हे कलम त्यांना वाचून दाखवावे. मागच्या महिन्यात ते म्हणाले होते, "तुला काही झालं तर मला ती टाकी बघवणार नाही. उमाकांतला देऊन टाकू. आईला कुठे झेपणार?" त्यावर आतून उत्तर आले, "मले झेपत नाही अन् तुले झेपते? तू तं ठाणेदाराले बिस्कूट चारत होता!" उमाकांत यांनीही ऑस्करांची जोडी मागितली आहे, आणि म्हातारीच्या हाती टाकी दिली तर आठ दिवसांत रस्सा होईल, असे ते कॅन्टीनमध्ये सर्वांदेखत म्हणाले आहेत. त्यांना ऑस्कर मिळणार नाहीत.

कलम ८. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधे व्हावेत. पुण्यानुमोदनाला जेवण सगळ्यांना पुरेल एवढे, पण दिखावा नको.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या शेजारी, महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या निशिगंधा वासनिक यांनी करावी. त्या स्पष्ट बोलतात आणि गुलाबरावांना घाबरत नाहीत.

दुरुस्ती. वरील मजकूर पक्का करून काल दुपारी मी पुढच्या खोलीत सासूबाईंना वाचून दाखवला. श्री. उत्तम तिथेच होते. सासूबाईंनी बाकीचे निमूट ऐकले. कलम ६ वर त्यांनी हात वर केला.

"म्हंजे टाकी माही केव्हा? तू मेल्यावर?"

"हो, आई. मृत्युपत्र तसंच असतं."

"अन् तू नाही मेली तं?"

"तर माझीच राहील."

"मंग मी इथं बसून तुह्या मरायची वाट पाहू काय?" त्यांचा आवाज चढला. "रोज ठाणेदाराले कलेजी देताना मनात काय आणू? असला कागद मले नको. फाड तो."

श्री. उत्तम म्हणाले, "आई, ते कायद्याचं असतं गं, नुसतं लिहायचं."

"तू गप रे. तिले द्यायचं आहे तं तिनं आज द्यावं. जित्या हातानं. नाही तं देऊ नये."

मी हा विचार केलाच नव्हता. इतकी कलमे लिहिली, प्रत्येक शब्द तपासला, आणि ज्यांना देते आहे त्यांना मी माझ्या मरणाकडे डोळे लावून बसवते आहे हे मला दिसले नाही. मी म्हटले, "बरं. आज दिली."

"माशांसकट?"

"माशांसकट."

"मंग तू दिल्लीहून आल्यावर परत मागशील."

"नाही मागणार."

त्या उठल्या, टाकीच्या उजव्या कोपऱ्याशी गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उत्तम, आयकलं ना? गुलाबले कळव, माह्या घरी सात जण हायेत. मले यायले जमायचं नाही."

श्री. उत्तम यांनी तसे पत्र लिहून आजच टपालात टाकले आहे. त्यांनी मला वाचायला दिले नाही, आणि मी मागितले नाही.

म्हणून असे लिहून ठेवते की कलम ६ रद्द आहे. त्यात वर्णन केलेली टाकी, सामान आणि मासे कालपासून श्रीमती यमुनाबाई यांच्या मालकीचे आहेत. जे माझे नाही ते मला मृत्युपत्राने देता येत नाही. कलम ६ मधील कारणे मात्र खोडलेली नाहीत. ती खरी आहेत. कलम ७ कायम, कारण टाकीच्या मालकिणीला टाकीजवळ राहण्याचा हक्क आता अधिकच आहे. मी परत आले तर पाण्यात हात घालण्याआधी त्यांना विचारीन.

कलम ३ मधील बांगड्या टाकीबरोबर गेल्या. रमाने तक्रार करू नये.

हे सर्व मी वाचून, ऐकवून आणि दुरुस्त करून खालील साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: जयपूर
दिनांक: ८ फेब्रुवारी १९८७

(सही) जयंती उत्तम रामटेके

साक्षीदार:
१. (सही) आनंदराव नंदेश्वर, निवृत्त गार्ड, सेक्टर चार, जवाहर नगर
२. (सही) पंढरीनाथ शहारे, विमा अधिकारी, सोडाला

सासूबाईंनाही सही करायची होती. ज्यांना हक्क मिळतो त्यांनी साक्ष करू नये असे वकीलसाहेबांनी सांगितले आहे. तेव्हा त्यांनी पेन मागून घेतले आणि खालची पावती स्वतःच्या हाताने लिहिली. तिला कायद्यात काही अर्थ आहे की नाही हे मला ठाऊक नाही. मी ती राहू देते.

टाकी पावली. मासे सात. पाणी बदलाची बादली मले एकटीनं उचलत नाही. लवकर ये.
यमुना दशरथ रामटेके